वाळूवर लिहिलेले हुकूम

एका राज्यात हात काखेत दाबून चालायची रीत पडली होती. बायका पाणवठ्यावर आपलीच घागर तीनतीनदा ओळखून मग उचलत. शेजारणीचं मूल दारात पडून रडत असलं, तरी कोणी त्याला कडेवर घेत नसे. कारण रस्त्याने लोखंड्या फिरत असे.

हा लोखंड्या राजा भद्रसेनाला एका मांत्रिकाने आणून दिला होता. ताडाएवढा उंच, सगळं अंग लोखंडाचं. त्याच्या पायाशी वाळूवर जे लिहावं ते, लिहिणारा बाजूला झाला की, त्याने करावं. आता त्या दरबाराची एक खोड होती. राजाने वाक्य पुरं करणं तिथे कमीपणाचं मानत. अर्धा शब्द निघाला की उरलेलं मानकऱ्यांनी ओळखायचं. त्यामुळे राजा म्हणाला, "राज्यातले चोर तेवढे..." आणि नुसता हात हलवला. पुढचं मांत्रिकाने गालात हसत वाळूवर लिहिलं: 'जो दुसऱ्याची वस्तू उचलेल तो चोर. त्याला तळघरात टाक.' आणि तो आला तसा निघून गेला.

लोखंड्याने आधी खरे चोर नेले. मग गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टोपली चढवून देणारा भाजीवाला नेला. सुईण नेली, कारण तिने दुसरीचं मूल उचललं. शेवटी राजाला नेलं. त्याने सकाळी मुकुट उचलून डोक्यावर ठेवला होता, आणि मुकुट होता बापाचा.

तळघरात जो पडे त्याचं अंग पायापासून लोखंड होत जाई. राणी इरावती तळघराच्या झरोक्याशी बसून राजाचा आवाज ऐके. "इरावती, गुडघे गेले." मग, "कंबर गेली." त्या दिवशी दुपारी मात्र आतून नुसती खरखर आली.

तेवढ्यात झरोक्यावर एक साळुंकी उतरली. मांत्रिकाच्या पिंजऱ्यातून निसटलेली होती ती.

"महाराणी, आज सूर्य बुडाला की आतले सगळे कायमचे लोखंड."

"लोखंड्याला 'थांब' असं लिहिलं तर?"

"थांबेल. मग आतल्यांना कोण आणणार? ते दार माणसाच्या हाताला उघडत नाही. एका माणसाचे तो तीनच हुकूम ऐकतो. पहिल्याने किल्ली, दुसऱ्याने दार, तिसऱ्याने माणसं. झरोक्याखाली किल्ल्यांची रास आहे, तिच्यातली सर्वांत जड ती तळघराची."

झरोक्याजवळ पहाऱ्याला उभ्या लोखंड्याच्या पायाशी राणीने लिहिलं, 'सर्वांत जड किल्ली आण.' लोखंड्या हललाच नाही.

"बाजारात 'जरा बरं बघून दे' म्हटलं की वाणी समजतो," साळुंकी म्हणाली. "हा वाणी नाही. नशीब, न कळलेला हुकूम तो धरत नाही. मंत्र नकोत, गप्पाही नकोत. आपल्याच भाषेत रीत मांडा. एका ओळीत एकच काम."

राणीने ती ओळ पुसली आणि पुन्हा लिहिलं:

'राशीतली एक किल्ली उजव्या हातात घे.
दुसरी डाव्या हातात घे.
डावी जड असेल तर उजवी टाक आणि डावी उजव्या हातात घे.
नसेल तर डावी टाक.
रास संपेपर्यंत दुसऱ्या ओळीपासून पुन्हा कर.'

लोखंड्या वाकला. उचली, तोली, टाकी. पण टाकलेली किल्ली तो पुन्हा राशीतच टाकी! रास कशी संपावी? ऊन भिंतीवर चढत चाललं, तेव्हा राणीला चूक दिसली.

"'राशीबाहेर टाक' असं लिहायचं राहिलं गं!"

साळुंकीने एकवार तिच्याकडे पाहिलं. मग टाकलेली प्रत्येक किल्ली ती चोचीत धरून भिंतीपलीकडे नेऊ लागली. रास संपली. उजव्या मुठीत जड किल्ली घेऊन लोखंड्या सरळ झाला आणि जुना हुकूम जागा झाला. पक्ष्याने दुसऱ्याची वस्तू उचलली होती. डावा पंजा हवेत गेला, मिटला, आणि पक्षी झरोक्यातून तळघरात गेला. आतून ओरडली ती एवढंच: "लिहिल्यावर आधी स्वतः लोखंड्या व्हा!"

राणीने डोळे पुसले. तळघराच्या बोळात दारांची रांग होती, त्यातलं खरं कोणतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून दुसरा हुकूम तिने आधी लोखंड्यापासून लांब लिहिला: 'पहिल्या दाराशी जा. किल्ली लाव. पुढच्या दाराशी जा. किल्ली लाव. असंच पुढे जात राहा.' मग ती स्वतः लोखंड्या झाली. रिकामी मूठ प्रत्येक दारावर फिरवत, लिहिलं तेवढंच करत चालली. शेवटचं दार झालं, पुढचं पाऊल उचललं, आणि अंगठ्याखाली काहीच नव्हतं. तिथे आड होता. राणी भिंतीला चिकटून राहिली. परत येऊन तिने मजकुरात घातलं: 'दार उघडलं तर तिथेच थांब. पुढे दार नसेल तर परत ये.'

मग सगळा हुकूम लोखंड्याच्या पायाशी उतरवला. लोखंड्या गेला. शेवटचंच दार उघडलं, आणि तो आडाच्या काठावर थांबला.

आता तिसरा. राणीने ओटीभर वाळू नेऊन तिथे त्याच्या पायाशी पसरली. सूर्य तटाला टेकला होता. तिने लिहिलं, 'तळघरातल्या माणसांना बाहेर आण.' डोळे मिटून ती मनाने आत गेली. साळुंकी माणूस नव्हती. ओळ पुसून लिहिलं, 'ज्याचा श्वास चालतो त्याला.' पुन्हा मनाने आत गेली. राजाचा श्वास कुठे चालत होता? तीही ओळ पुसली.

'तळघरात जे जे आहे ते एकेक करून इजा न करता बाहेर आण. आत काही उरलं नाही की कायमचा थांब.'

पुन्हा मनाने आत गेली. सगळे बाहेर गेले तरी आत एकजण उरणार होता. तो स्वतः. मग तो काय करील? आतच उभा राहिला तर हुकूम संपणार नाही, तो कायमचा थांबणार नाही, आणि चौथा हुकूम तिला लिहिता येणार नाही. दुसरी ओळ सुचेना. ऊन तटावरून उतरलं. तिने बोट उचललं आणि बाजूला झाली.

लोखंड्याने सुईण आणली. भाजीवाला आणला. चोर आणले, साळुंकी आणली. शेवटी, पुतळ्यासारखा ताठ, राजा आणून ठेवला. मग तो पुन्हा आत गेला.

बराच वेळ काही आलं नाही. सूर्याची कड तेवढी उरली.

आणि दारात तो दिसला. त्याच्या उजव्या हाताने स्वतःचंच डावं मनगट धरलं होतं, आणि तो स्वतःला ओढत आणत होता. उंबऱ्याबाहेर येऊन त्याने मागे पाहिलं. आत काही नव्हतं. तो थांबला, तो कायमचा. छातीचा पत्रा तडकून उघडला, तर तोही पोकळ निघाला.

राजाच्या अंगावरून गंज खवल्यांसारखा गळला. छाती हलली. इरावतीने त्याचा हात हातात घेतला. तो ऊन होता. साळुंकीने पंख झटकले, दोनदा खोकली आणि म्हणाली, "महाराणी, हुकूम बरा होता."

त्या राज्याचा शाप जसा सुटला, तसा ऐकणाऱ्यांच्या घरचाही सुटो.