पुरलेली माळ

एकदा एका बेटावर एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह राहत होते. त्या बेटावर श्रीताड वाढत. त्यांची पंख्यासारखी पाने इतकी विशाल, की मोजक्या पानांत झोपडी शाकारली जाई. हा वृक्ष जन्मात एकदाच फुलतो, फळे पिकवतो आणि मरतो. म्हणून तिथली रीत होती, की श्रीताड फळला की आधी घरटी एक बी पेरायची, मगच उरलेल्यांना हात लावायचा.

त्या वर्षी वादळांतून वाचलेला गावातला अखेरचा श्रीताड फळला आणि एक व्यापारी गलबत घेऊन आला. त्या टणक, शुभ्र बियांना भोके पाडून तो माळा ओवत असे. पहिल्याच दिवशी त्याने आचार्य आणि शिष्य दोघांच्याही पाया पडून एकेक माळ दिली. मग घरोघर लुगडी वाटली. लोकांनी पेरायची बीसुद्धा त्याच्या पोत्यात टाकली.

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांनी उद्या कशाखाली राहायचे, असे तो दारोदार विचारत फिरला. लोक त्याच्या गळ्याकडे पाहत, हसत आणि दार लोटून घेत.

तो परतला, तर आचार्य अंगणात आळे करून आपली माळ पुरत होते. रोज ते तिला पाणी घालू लागले. बेट बोडके होते आहे आणि यांना खेळ सुचतो, म्हणून शिष्य गुरूंवरही धुमसला.

गंमत पाहायला गाव जमले. व्यापारीही आला आणि हसत म्हणाला,

"आजोबा, भोक पाडलेला मणी कधी उगवतो का?"

आचार्यांनी तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे हे तुम्हाला ठाऊक होते, शेठ. आणि मंडळी, तुम्हालाही. मला हसायला धावत आलात, मग पोती गलबतावर चढत होती तेव्हा कुठे होतात? वृक्षाने मरता मरता जे दिले, ते मातीसाठी होते. ते तुम्ही जाणूनबुजून विकलेत. अजाणत्याला मी समजावले असते. तुम्हाला काय समजावू?"

एक बाई घरी गेली, घडी न मोडलेले लुगडे घेऊन आली आणि तिने ते व्यापाऱ्यापुढे ठेवले.

"माझी बी द्या. न टोचलेली."

मागोमाग आणखी बाया घराकडे वळल्या. शिष्य कुदळ उचलायला वाकला, तेव्हा काहीतरी त्याच्या छातीवर खुळखुळले. लोक का हसत होते, ते त्याला कळले. त्याने माळ काढली आणि मान खाली घालून तो आळी खणू लागला.