नदीतून आलेलं घड्याळ

फार वर्षांपूर्वी, राजे अजून सिंहासनावर बसत होते आणि मनगटावरची घड्याळंही जुनी होऊ लागली होती, त्या काळी नदीकाठच्या एका गावात जुन्या वस्तूंचा बाजार भरायचा.

बाजाराची एक रीत होती. तिथे पैसा चालत नसे. जुन्याच्या बदल्यात जुनं. गिऱ्हाइकाने आधी आपलं काय हरवलं ते सांगायचं, मग दुकानदाराने आपल्या वस्तूची गोष्ट सांगायची. गोष्ट काळजाला भिडली की सौदा झाला. वस्तू उघडून बघायची मात्र नाही. जुन्या वस्तूचं पोट उघडलं तर तिच्या गेलेल्या धन्याला लागतं, असं सगळे म्हणायचे. दुकानदार जरा जास्तच म्हणायचे.

त्या गावात एक म्हातारा राहत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याच्या बायकोने त्याच्या मनगटाला एक घड्याळ बांधलं होतं. पुढे एकदा होडीतून उतरताना पट्टा तुटला आणि घड्याळ नदीत गेलं. नंतर बायकोही गेली. पण अजूनही सकाळचा चहा झाला, की म्हाताऱ्याची दोन बोटं किल्ली द्यायला आपोआप मनगटाकडे जायची. तिथे काही नसायचं. मग तो उगाच मनगट चोळत बसायचा.

घरात नुकतीच नवी सून आली होती. नव्या सुनेच्या वाट्याला बोलणं कमी येतं, त्यामुळे बघायला पुष्कळ वेळ मिळतो. ते मनगट चोळणं तिने पाहिलं होतं.

एके दिवशी म्हातारा तिला म्हणाला, "सूनबाई, बाजारात एक घड्याळ आलंय म्हणे. चल माझ्याबरोबर. हल्ली मला जवळचं नीट दिसत नाही."

निघताना त्याने बायकोचा चांदीचा पानाचा डबा उपरण्यात गुंडाळून घेतला. तिच्या वस्तूंपैकी घरात तेवढाच उरला होता. त्याच्या एका कप्प्याला अजून चुना चिकटलेला होता.

दुकानदाराने म्हाताऱ्याला बसायला पाट दिला. म्हाताऱ्याने सगळं सांगितलं: बायको, घड्याळ, होडी.

"कुठली नदी म्हणालात, आजोबा?"

"आपलीच की. उताराजवळ, होडी लागते तिथे."

"उताराजवळ!" दुकानदाराने मांडीवर थाप मारली. "अहो, मग ऐका तर. तिथेच एका कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर हे वर आलं." आणि त्याने एक घड्याळ म्हाताऱ्याच्या तळहातावर ठेवलं.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "तेच आहे गं, सूनबाई. तेच आहे." तो डब्याची गाठ सोडू लागला.

सुनेने वाकून पाहिलं. घड्याळाची कड चांगली झिजलेली होती, पण तबकडी दुधासारखी पांढरी. इतकी वर्षं नदीत काढून याचं तोंड आपल्यापेक्षा स्वच्छ कसं, असं तिच्या मनात आलं. ते मनातच ठेवून तिने एवढंच विचारलं, "उघडून बघता येईल का?"

दुकानदाराने कपाळाला हात लावला. शेजारच्या गाळ्यातली बाई मोठ्याने म्हणाली, "नवी दिसतेय सून! माहेरी भाकरीसुद्धा मोडून बघून मगच ताटात घेत असतील!" आजूबाजूचे हसले.

सून खाली मान घालून म्हाताऱ्याला म्हणाली, "मामंजी, तुम्ही रोज किल्ली देत होता ना? ते बाजूचं बारीक बोंड बोटाला कसं लागायचं?"

"कसलं लागतंय!" म्हातारा हसला. "फिरवून फिरवून त्याचे दाते पार गेले होते. चिमटीतून सुटायचं. मग तुझ्या सासूबाई पदराच्या टोकात धरून फिरवून द्यायच्या आणि म्हणायच्या, 'एवढंसं बोंड धरवत नाही, आणि निघालेत संसार ओढायला!'"

बोलता बोलता त्याची चिमूट हातातल्या घड्याळाच्या बोंडावर गेली आणि तिथेच थांबली. दाते नव्या कानशीसारखे टोचत होते.

म्हातारा घड्याळ मुठीत मिटून बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "राहू दे, सूनबाई. नको उघडायला. तेच आहे असं समजू."

गप्प बसावं, असं सुनेला वाटलं. पण डबा अर्धा दुकानदाराच्या बाजूला सरकला होता.

"मामंजी," ती म्हणाली, "हे खरं असेल, तर उघडल्याने खोटं होणार नाही. खोटं असेल, तर त्याच्यापायी हा डबा जाईल. आणि हा तर सासूबाईंचाच आहे."

म्हाताऱ्याने डब्यावर हात ठेवला. "उघडा हो," तो दुकानदाराला म्हणाला. "माझ्या बायकोला लागलं, तर तिचं नि माझं आम्ही बघून घेऊ."

सगळे बघत होते, दुकानदाराला सुरी घ्यावीच लागली, आणि तिच्या टोकाने पाठीचं झाकण निघालं. आतलं यंत्र घड्याळाच्या घरापेक्षा लहान होतं. हलू नये म्हणून कडेला कागदाची घडी ठासली होती. झाकणावर एका कारागिराचं नाव, तबकडीवर दुसऱ्याचं, यंत्रावर तिसऱ्याचं.

"अगं बाई! घर एकाचं, तोंड दुसऱ्याचं, काळीज तिसऱ्याचं!" शेजारची बाई म्हणाली. मघाची भाकरी ती विसरली होती.

"कोळी खोटं बोलला असेल," दुकानदार पुटपुटला. कोळी कोणता, हे मात्र त्याला सांगता येईना.

म्हातारा डबा घेऊन उठला. वाटेत त्याला दम लागत होता, तरी बोलणं थांबत नव्हतं. "ते पदराचं मी विसरलोच होतो बघ. इतकी वर्षं घड्याळ तेवढं आठवायचं. ती टोमणा मारताना कशी दिसायची, ते आज आठवलं." सुनेने चाल हळू केली, म्हणजे घर जरा उशिरा येईल.

पुढे त्या बाजाराची रीत बदलली. गिऱ्हाईक आधी वस्तू उघडून बघू लागलं, गोष्ट मागाहून ऐकू लागलं. काही दुकानं बंद पडली. ते घड्याळ एका नावाड्याने जुन्या वल्ह्याच्या बदल्यात नेलं. त्याला फक्त वेळ बघायची होती, आणि तेवढी ते बरोबर दाखवायचं.

बोध: ज्या वस्तूवर आपलं मन बसलं असेल, तीच सगळ्यात आधी उघडून बघावी.