सशाचं शिंग

"मग तू काय सांगितलंस तिला?" भिवराआक्कांनी विचारलं.

"खरं तेच सांगितलं," नागनाथ म्हणाला. "दुःख म्हणजे सशाचं शिंग. नसतंच. माणूस उगाच डोक्यावर वागवतो."

पोथ्या पाठ करून ताठलेला गडी. खालच्या वाडीतल्या कोंडाबाईची पोर तापानं गेली, तेव्हापासून बाईनं अन्नाला हात लावला नव्हता. तिच्या पोटात काहीतरी जावं म्हणून आक्कांनी आपल्या ह्या शिष्याला धाडलं होतं.

"जेवली?"

"नाही... भिंतीकडं तोंड करून पडली. अडाणी बाई, तिला काय कळणार."

आक्का उठल्या. ओसरीवरची टोपली आणली आणि त्याच्या मांडीवर एक ससा ठेवला. रानातला, नुसती हाडं. तोंडाभोवती काळी, टोकदार शिंगं उगवलेली. कपाळावर कुंकू.

नागनाथ दचकला.

"वाडीनं देवाचा ससा म्हणून पुजला. नारळ फोडले. शिंगाला हात लावायला रांग लावली. पोटात काही आहे का ते एकानं बघितलं नाही मेल्यांनी. मी उचलून आणला."

"पण... शिंगं?"

"गुरांच्या डॉक्टरला दाखवला. विषाणूचा रोग म्हणाला. कातडीच वाढते न् कडक होते."

नागनाथचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे शिंगं नाहीतच. मी तेच म्हणत होतो."

"हं. भरव बघू त्याला."

त्यानं कोवळी हरळी पुढं धरली. सशानं वास घेतला, मान पुढं केली. काडी शिंगांना अडली, खाली पडली. दुसरी धरली. तीही पडली.

"आक्का, हा खात नाही."

"सांग की त्याला, शिंगं नसतात म्हणून."

...

नागनाथनं उपरण्याचं टोक फाडलं, पाण्यात बुडवलं, शिंगांच्या फटीतून थेंब थेंब सोडत राहिला. सशाची जीभ जराशी हलली. दुपार कलली तरी तो मांडी न हलवता तसाच बसून.

उन्हं उतरताना ससा लाकडासारखा झाला.

त्यानं त्याला कुंपणापाशी पुरलं. कपाळावरचं कुंकू आधी पुसलं.

"कोंडाबाईला आता काय सांगू, आक्का?"

आक्का टोपली झाडत होत्या.

"ते फडकं धुऊन बरोबर घे," त्या म्हणाल्या. "पाणी तिच्या घरी असेल."