जिवंत राजाचे तेरावे

एका डोंगराळ मुलखात इंद्रोजी नावाचा एक राजा होता आणि त्याला बोलायची भारी हौस होती. रोज दिवेलागणीला तो स्वतः रेडिओवर यायचा. "रामराम मंडळी!" म्हणायचा, धान्याचे भाव सांगायचा, कोणता घाट बंद आहे ते सांगायचा आणि बोलता बोलता आज जेवायला काय होते इथपर्यंत घसरायचा. अंगात ताप असला तरी त्याने एक संध्याकाळ चुकवली नाही. खोकत खोकत बोलला, पण बोलला.

त्याला एकच सल होती. रेडिओत खरखर फार. एवढे जीव तोडून बोलावे आणि ते पापड मोडल्यासारखे ऐकू यावे, हे त्याला सहन होत नसे.

दिवाण विद्याधरपंतांनी ही सल बरोबर हेरली. त्यांनी परदेशातून नवी डिजिटल यंत्रणा आणली आणि राजधानीत बसवली. दरबाऱ्यांच्या घरी नवे रेडिओ आले. राजाने स्वतःचेच भाषण त्यावर ऐकले आणि तो हरखून गेला. खरखर नाही, शिट्टी नाही. मध्येच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता! यंत्र चोख होते, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. फक्त त्याची एक तऱ्हा होती. जुन्या रेडिओवर आवाज क्षीण झाला तरी खरखरीतून शब्द कळत. नव्यावर आवाज आला तर लख्ख यायचा, नाहीतर मुळीच यायचा नाही. आणि नवे बोलणे ऐकायला रेडिओही नवाच लागायचा.

"महाराज, आता जुने बंद करू," दिवाणजी म्हणाले. "दोन दोन यंत्रणा पोसायच्या कशाला? कोंडेघरच्या डोंगरावरचा जुन्या रेडिओचा मनोरा आडवा करू."

"पण नवे सगळ्यांना ऐकू येते का?" राजाने विचारले.

प्रश्न रास्त होता. राजा बोलका होता, पण वाईट नव्हता.

"त्याचीही तजवीज आहे. जुने थोडे दिवस बंद ठेवून बघू. रोज रेडिओवर जाहीर करू, की ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी ताबडतोब कळवावे."

तसे झाले. रोज गोड आवाजात सूचना दिली गेली. एकही तक्रार आली नाही. दिवाणजींनी भर दरबारात सांगितले, "प्रजा शंभर टक्के समाधानी आहे!" दरबाराने टाळ्या वाजवल्या. राजाने मनोरा पाडायच्या हुकमावर शिक्का मारला आणि हा सोहळा आपल्याच हाताने करायचा असे ठरवून तो दिवाणजी, शिपाई, पाहुणे आणि वाजंत्री घेऊन कोंडेघरला निघाला.

गावाच्या वेशीवर एक माणूस हात पसरून आडवा आला. त्याच्या मिशा नुकत्याच उतरवलेल्या दिसत होत्या.

"ढोल बंद करा! लाज आहे का काही? गावात सुतक आहे."

वाजंत्री गप्प झाली. राजा घोड्यावरून उतरला. धुळीने माखलेल्या त्या पाहुण्याला कोणी ओळखले नाही. कसे ओळखणार? कोंडेघरने राजाला कधी पाहिलेच नव्हते, फक्त ऐकले होते.

"कोण गेलं, बाबा?" राजाने हळूच विचारले.

"राजा गेला. आज तेरावं."

 राजा त्या माणसामागून देवळाच्या आवारात गेला. तिथे पंगत मांडली होती. पाटावर एक जुना रेडिओ ठेवला होता. त्याला हार घातला होता, पुढे समई तेवत होती आणि केळीच्या पानावर गरमागरम भोपळ्याचे घारगे वाढले होते.

"घारगे कशाला?" राजाच्या तोंडून निघून गेले.

चुलीजवळून हातात झारा घेतलेली एक बाई वळली. तिचे नाव हौसाबाई. "आवडायचे त्यांना. त्यांची आई करायची म्हणे. रेडिओवर सांगायचे ना दर थंडीत..." ती थांबली. झारा हातातून पडला. "अगं बाई! हा आवाज!"

सगळी पंगत उठून उभी राहिली.

"मी आहे, मंडळी. रामराम," राजा म्हणाला.

कोणी रडले, कोणी पाया पडले. हौसाबाईला मात्र राग आवरेना. "जिवंत होतात तर बोलायचं तरी, महाराज! पहिल्या दिवशी आम्ही सेल बदलले. दुसऱ्या दिवशी रेडिओला थापट्या मारल्या. पण सगळ्या गावाचे रेडिओ एकाच दिवशी कसे बिघडतील? तापातसुद्धा न चुकणारा माणूस गप्प झाला, म्हणजे गेलाच की! राजधानी लांब, आणि मेलात का असं विचारायला कोण येणार? राजा गेला म्हणजे गावात वर्षभर लग्नकार्य नाही, त्यात माझ्या रत्नीचं लग्न अडकलं. शेवटचा मुहूर्त उद्याचा. वरपक्षाचा निरोप आलाय, हा मुहूर्त हुकला तर दुसरी बघतो म्हणून."

दिवाणजी पुढे सरसावले आणि राजाच्या कानाशी लागले. "महाराज, राजा मेल्याची अफवा पसरवणे हा राजद्रोह आहे. आणि नवा रेडिओ घ्यायला यांना कोणी अडवले होते? मनोरा पाडून मोकळे व्हा. पाहुणे खोळंबले आहेत."

राजा चरकला. हुकूम त्याचा, शिक्का त्याचा. इतक्या लोकांदेखत शब्द मागे घ्यायचा म्हणजे स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायचे. दोन शिपाई पुढे झालेच होते. त्याने पानावरच्या घारग्यांकडे पाहिले. राजधानीत सगळे त्याला सांगत, महाराज, काय सुरेख आवाज येतो! पण तो काय बोलला हे तिथे कोणी सांगितल्याचे त्याला आठवेना.

"दिवाणजी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी कळवावे, हे आपण कुठे सांगितले?"

"रेडिओवर, महाराज."

"कोणत्या?"

"न... नव्या."

 मग मोठ्याने हसू आले ते राजाला. "आणि मी त्यावर शिक्का मारला! म्हणजे दोघे शहाणे एकाच माळेचे." त्याने कमरेला खोचलेला हुकूम काढला आणि हौसाबाईच्या चुलीत घातला.

मग तो रेडिओशेजारी मांडी घालून बसला आणि स्वतःच्या तेराव्याचे घारगे पोटभर जेवला. नवे यंत्र चालू राहील, असे त्याने सांगितले. पण शेवटच्या घरात नवा रेडिओ पोहोचून बोलू लागेपर्यंत मनोऱ्याला कोणी हात लावायचा नाही. आणि ते पोहोचले का, हे दिवाणजींनी घरोघर पायी जाऊन विचारायचे.

त्या दिवशी दिवेलागणीला हार घातलेला रेडिओ खरखरला. मनोऱ्याच्या पायथ्याच्या खोलीतून आवाज आला, "रामराम मंडळी! मी मेलेलो नाही. चूक माझी होती. सुतक फिटलं. उद्या रत्नीचं लग्न आहे, वरपक्षाने वेळेवर निघावे. घाट मोकळा आहे."

पलीकडच्या गावात वरपक्षाने ते ऐकले आणि लगबगीने बैल जुंपले. कोंडेघरात हौसाबाईने रेडिओचा हार काढून दाराला बांधला.

तात्पर्य: ज्याच्यापर्यंत आपला आवाजच पोहोचत नाही, त्याची तक्रार आली नाही म्हणून तो सुखी आहे असे समजू नये. नवे जरूर आणावे, पण जुने मोडण्याआधी शेवटच्या घरी स्वतः जाऊन विचारावे.