गाल उडालेल्या बाहुल्या

फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक बाहुलीवेड्या काकू राहत होत्या. त्यांचं नाव सगुणाकाकू. घरात भांडी बेताची, पण लाकडी बाहुल्या मात्र एकवीस, आणि सगळ्या एकाच म्हाताऱ्या चिताऱ्याने घडवून रंगवलेल्या. एक जात्यावर बसलेली, एक पाणी भरणारी, एक तर चक्क शिंकणारी. काकूंनी त्या पेटीत कोंडल्या नव्हत्या. ओसरीवरच्या फळीवर त्या ओळीने मांडल्या होत्या. येणाऱ्याने बघाव्यात आणि खूश होऊन जावं.

मात्र काकूंना दृष्ट लागण्याची भारी धास्ती. "काय गोड बाहुली आहे," असं कुणी म्हटलं रे म्हटलं, की त्याची पाठ वळताच काकू बाहुलीच्या उजव्या गालाला काजळाची तीट लावत आणि संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसत. गाव कौतुकाला सढळ होतं. त्यामुळे दहा वर्षांत तीट लावून आणि पुसून एकवीसही बाहुल्यांच्या उजव्या गालाचा गुलाबी रंग उडाला. रोज बघणाऱ्या काकूंच्या ते ध्यानातही आलं नाही.

एका चैत्रात चिताऱ्याचा निरोप आला. त्याची नजर आता मंदावली होती. त्याने नवरा-नवरीची शेवटची एक जोडी केली होती, यापुढे तो कुंचला धरणार नव्हता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला तो आरास बघायला येणार होता आणि ज्या घराने त्याच्या बाहुल्या नीट राखल्या असतील, त्या घराला ती जोडी देणार होता.

त्याच्या बाहुल्या गावात दोनच घरी होत्या. काकूंच्या आणि शेजारच्या इंद्रावहिनींच्या. काकूंना ती जोडी हवीच होती. एकवीस जणी घरात, पण लग्नकार्य म्हणून एक झालं नव्हतं.

आरास करायला म्हणून काकूंनी बाहुल्या अंगणात उजेडात घेतल्या आणि तेव्हा कुठे त्यांना गाल दिसले. त्यांनी एकेकीच्या उजव्या गालावरून बोट फिरवलं.

इंद्रावहिनींच्या बाहुल्याही खिडकीतल्या उन्हाने विटल्या होत्या. पण वहिनी हुशार. त्यांनी मूर्ती रंगवणारा रंगारी बोलावला आणि सगळ्या बाहुल्या नव्याने रंगवून घेतल्या. वर मोठ्या मनाने त्याला काकूंकडेही धाडलं.

रंगाऱ्याने वाटीत गुलाबी रंग कालवला. गालाबरोबर चेहराही नवा करून देतो म्हणाला. काकूंनी शिंकणारी बाहुली त्याच्यापुढे धरली. तेवढ्यात त्यांचं लक्ष तिच्या भुवयांकडे गेलं. शिंक येताना चढतात तशा, एकाच फटकाऱ्यात ओढलेल्या केसाएवढ्या रेघा. अशी रेघ पुन्हा कोण काढणार? काकूंना रडू आलं.

"थांब रे बाबा," त्या म्हणाल्या. "गाल मी घालवला. आता भुवया तरी घालवायला नकोत."

रंगारी वाटी घेऊन परत गेला.

हळदीकुंकवाच्या दिवशी चितारी आधी इंद्रावहिनींकडे गेला. मागोमाग साऱ्या बायका, त्यांत काकूही. वहिनींची आरास अशी झगमगत होती, की काकूंनी जोडीची आशाच सोडली. चिताऱ्याने एकेक बाहुली डोळ्यांशी नेऊन पाहिली.

"सुंदर आहेत हो बाय," तो म्हणाला. "आता माझ्या बाहुल्या दाखव."

वहिनींचा चेहरा उतरला. ह्या तुमच्याच, नुसता रंग दिलाय, असं त्यांनी हळूच सांगितलं. चिताऱ्याने बाहुली अलगद जागेवर ठेवली.

काकूंकडे आरास सावलीत होती. उडालेले गाल भिंतीकडे वळवून ठेवणं काही अवघड नव्हतं, पण काकूंनी बाहुल्या सरळ समोर तोंड करून मांडल्या होत्या. म्हाताऱ्याने विचारायच्या आधीच त्यांनी तिटेची सगळी हकिकत सांगून टाकली. तो खोकला येईपर्यंत हसला. मग त्याने शिंकणारी बाहुली उचलली आणि तिच्या भुवयांवर बोट टेकवलं.

"हिला मी ओळखतो," तो म्हणाला. "माझ्या बायकोला शिंक आली, की ती अशीच दिसायची."

त्याने झोळीतून नवरा-नवरी काढून काकूंच्या हातात दिले. यापुढे तीट लावायचीच असेल तर फळीला लाव आणि बाहुल्यांवरची धूळ कोरड्या मऊ फडक्याने झटक, एवढं बजावलं. काकूंनी वाकून नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात त्या जोडीचं थाटात लग्न लागलं. काकूंनी आपण होऊन इंद्रावहिनींना वरमाय केलं. वहिनी मानपानावरून रीतसर दोन वेळा रुसल्या, दोन्ही वेळा पुरणपोळी वाढल्यावर हसल्या, आणि जेवण झाल्यावर घरी जाऊन त्यांनी आपल्या बाहुल्या खिडकीतून काढून सावलीत मांडल्या.

तात्पर्य: मोलाची वस्तू चारचौघांत जरूर मांडावी, पण तिचं गेलेलं रूप झाकू नये आणि उरलेलं रूप पुसू नये.