आटपाट म्हणजे नेमके काय?

हे घडताना मी पाहिलेले नाही. प्राणी लिहीत असत त्या काळातली ही ऐकीव हकीकत आहे. टिटवीच्या पिल्लाचा पंख मोडला होता. हाड जुळेपर्यंत ते हलले असते, तर पुन्हा कधीच उडू शकले नसते. त्याने स्वस्थ पडावे म्हणून टिटवीने साळिंदररावांकडे एक नवी गोष्ट मागितली.

साळिंदरराव पिल्लाशेजारीच बसले. अंगावरचा एक काटा उपटून त्यांनी लिहिले, ‘आटपाट नगर होते.’ मग ते खोडले. तीन दिवस हेच चालले.

“आटपाट म्हणजे नेमके काय? अर्थ ठाऊक नसलेला शब्द मी लिहीत नाही.”

“अहो, अंगभर लेखण्या आणि कागदावर एक ओळ नाही!” टिटवी किंचाळली. “पिल्लू उठायला लागलंय माझं!”

“मग काय लिहू? एक मूर्ख साळिंदर होतं, त्याला एक शब्द अडला, असं?”

“मग?” पिल्लाने विचारले आणि मान खाली टेकवली.

साळिंदरराव वैतागून पुढे सांगू लागले. गोष्ट सतरा दिवस चालली. पंख सरळ जुळला.

आटपाट म्हणजे काय, हे साळिंदररावांना अजूनही कळलेले नाही.