नरहर मास्तरांचा दोन पानी सारांश

कुठल्याशा गावात नरहर मास्तर नावाचे एक भोळे लेखक राहत. सांगितलेलं ऐकण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. 'जरा थांबा' म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत थांबत. अकरा वर्षं खपून त्यांनी सहाशे पानांची कादंबरी लिहिली. हाताने, एकच प्रत. देवळातली घंटा कोण चोरतं, याची गोष्ट. ती छापून यावी, एवढीच त्यांची आस होती.

शहरातल्या एका प्रकाशकांनी कळवलं, आधी दोन पानांत सारांश पाठवा. मास्तरांनी पहिली दोन पानं उतरवून पाठवली. प्रकाशक चिडले. सहाशे पानं वाचायला लागू नयेत म्हणून तर सारांश मागवायचा, आणि हे गृहस्थ घंटा चोरीला जायच्या आतच थांबले. त्यांनी फोनवर दम भरला, "मास्तर, शेवट लपवायचा नसतो. आधी सांगून टाकायचा."

मास्तरांनी खूणगाठ बांधली. त्याच रविवारी गावच्या वाचनालयात कादंबरीचं वाचन होतं. मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "घंटा पोस्टमास्तरांनी चोरली. आता पान पहिलं." मंडळी चहासुद्धा न घेता चपला शोधू लागली. घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, यमुनाबाईंनी, चांगलं फैलावर घेतलं. शेवट जीव गेला तरी कुणाला सांगू नये, असं बजावलं.

तेही मास्तरांनी मनावर घेतलं. दुसरा सारांश गेला, त्याच्या शेवटी लिहिलं होतं, 'घंटा कोणी चोरली हे जीव गेला तरी सांगणार नाही. घरून ताकीद आहे.'

प्रकाशकांनी कपाळाला हात लावला. पुन्हा फोन केला. "मला सांगायचं हो. आणि ती वर्णनं, त्या मावश्या, ती जत्रा, सगळं कापा. दोन पानं उरली पाहिजेत. बाकीचं माझ्या कामाचं नाही."

मास्तरांनी कात्री घेतली. तीन दिवस कापत होते. जत्रा कापताना त्यांना रडू आलं, पण सांगितलंय म्हणजे सांगितलंय. उरलेले तुकडे चिकटवून दोन पानं झाली, ती पाकिटात घातली.

आठ दिवसांनी प्रकाशकांचा फोन आला. स्वारी खूश होती.

"मास्तर, सारांश असावा तर असा. छापतो मी. आता कादंबरी पाठवा."

"तीच तर पाठवली."

"आणि बाकीची पानं?"

"तुमच्या कामाची नव्हती ना. बंबात घातली. आठवडाभर आंघोळीला पाणी छान तापलं."

"अहो, सगळी कादंबरी जाळलीत!" प्रकाशक कळवळले. मास्तरांना प्रकाशकांची दया आली. त्यांनी धीर दिला, "परत लिहितो की. अकरा वर्षं लागतील. या खेपेला फक्त तेवढी दोन पानंच लिहितो, म्हणजे कापायला नको."